अनुभव धागा: लेकरांसाठी विणायला शिकताना

सातारा-सांगलीकडच्या ज्यांनी कुणी पोरांसाठी दोन सुयांवर काहीही विणायला घेतलंय, टोपडं, मोजे, बिनबाह्यांचा स्वेटर, त्यांनी इथे लिहा. पूर्ण झालं नसलं तरी चालेल. फक्त "छान छंद आहे" एवढ्यावर सुटू नका, लोकर कुठली, सुया किती नंबरच्या, गाडी कुठे अडली ते लिहा. सुरुवात मीच करते.

सातारा, सदर बझार
वहिनीच्या बाळंतविड्याची यादी निघाली आणि लोकरीचं टोपडं माझ्या वाट्याला आलं. आत्या म्हणाली, टोपडं राहू दे, आधी चौकोन वीण. मला वाटलं उगाच वेळ काढतेय, पण सगळं गणित त्या चौकोनातच असतं हो. फोर प्लायची (चार पदरी, बारीक) बेबी लोकर, 10 नंबरच्या सुया म्हणजे 3.25 मिमी (आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा मोठा तितकी सुई बारीक, ऑनलाइन मागवताना मिमीच बघा). चौकोनावर मोजलं तर माझ्या हाताने 10 सेंमीत 25 टाके बसले. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण 35 सेंमी, टोपी ताणून बसायला हवी म्हणून 32 धरायचं, म्हणजे 80 टाके. वर शिवणीत जाणारे दोन. 82 घेतले की दोन सुलट दोन उलटची (विणायचे हे दोन मूळ टाके) बॉर्डरही दोन्ही कडांना बरोबर जुळते. व्हिडिओतली बाई 90 घाला म्हणते ते तिच्या हाताचं माप, माझा हात घट्ट आहे की सैल तिला काय माहीत!

मिरज
मी मूळची क्रोशावाली, त्यामुळे दोन सुया म्हटलं की हात अवघडायचे. पण क्रोशाची सुई फेकू नका बरं का. सुलट बाजूला टाका सुटून खाली घरंगळला की ती घालायची, वरचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत टाका परत सुईवर आणून बसवायचा. अख्खं उसवायची गरज नाही. आणि सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर बघून. नंतर आणलेला पांढरा वेगळाच पांढरा निघतो.

कोरेगाव तालुका
मी रात्रपाळीला वॉचमन. रात्रभर मोबाईल बघून डोळं चुरचुरायला लागलं म्हणून बहिणीकडनं सुया घेतल्या. लोकं हसली लई, हसू द्यात. मला उलटा टाका अजून येतच न्हाई अन त्याच्यावाचून अडलंबी न्हाई. सगळ्या ओळी सुलट घेतल्या की वीण दोन्हीकडनं सारखी दिसती, कडा गुंडाळत न्हाईत. पुढचा एक तुकडा, मागचा एक तुकडा, खांदं शिवायचं, मधी गळ्याला फट, बाजूंना हातापुरती जागा सोडून खालपतुर शिवायचं. झाला पोराचा स्वेटर. बायको म्हणती पोतं दिसतंय, पोरगं काढंना अंगातनं.

सांगली, विश्रामबाग
आमच्याकडे थंडी ती काय, सकाळी दुधाला जाईपर्यंत, दहा वाजले की पोरगं घामाने चिंब. अ‍ॅक्रेलिक म्हणजे कृत्रिम लोकर, ती घाम शोषत नाही म्हणून मी कॉटनचा धागा घेतला. आत सुती झबलं घालायला लागत नाही हे खरं, पण कॉटनला ताण नसतो, बॉर्डर दोन धुण्यांत सैल पडली, आणि धुतल्यावर इतकं जड होतं की दोरीवर टांगलं तर लांबतंच. आडवं पसरून वाळवते आता.

पाचगणी
सांगलीकर, तुमचं तुमच्यापुरतं ठीक, इकडे डिसेंबरात कॉटनचं नाव काढू नका. अ‍ॅक्रेलिकच बरं, रोज धुता येतं. अस्सल लोकर गरम पाण्यात टाकून घासली की आटून बाहुलीच्या मापाची होते. अ‍ॅक्रेलिकला मात्र गरम इस्त्री लावायची नाही, वीण जी लुळी पडते ती पडतेच.

इस्लामपूर
मी नर्स आहे म्हणून वेगळं सांगते. नक्षी आतून बघा. दोन रंगांची वीण केली की मागे मोकळे धागे लोंबतात, मोज्यात त्यात बाळाचं बोट अडकून धागा आवळला जाऊ शकतो. बाळ उगाच रडतंय असं वाटलं तर मोजे काढून बोटं बघायची. लहान बाळाला एकाच रंगाचे मोजे पुरे. टोपीला गळ्याशी बांधायची नाडी नको, केसाळ लोकर नको, तोंडात जाते. आणि घरात झोपलेल्या बाळाला टोपी घालून ठेवू नका, आजी लोकांना पटत नाही हे, माहितीये मला.

वाई
विचारायचंच होतं. लेक वर्षाची होतेय, स्वेटर अंगाला मस्त बसतोय पण डोक्यातून जाईना. गळा तर मापात आहे.

सातारा, सदर बझार
वाईकर ताई, वर्षाच्या मुलाचं डोकं आणि छाती जवळपास सारखीच असते, 45-46 सेंमीच्या आसपास, त्यामुळे मानेच्या मापाचा गळा डोक्यातून जाणार नाहीच. उसवू नका सगळं. एका खांद्याची शिवण काढा, तिथे बटणपट्टी करा. गळ्याचे टाके बंद करताना जाड सुई घ्या, 8 नंबर चालेल, म्हणजे कड ताणली जाते.

वाई
पट्टीला दोन बटणं पुरतील?

इस्लामपूर
दोन पुरे, पण शिवल्यावर जोर लावून ओढून बघा. नाहीतर मागच्या बाजूने शिवायची चपटी टिचबटणं लावा, ती पण ओढून बघूनच.

कोरेगाव तालुका
टिचबटणं कोरेगावात गावतील का साताऱ्याला जावं लागंल?