मदत हवी आहे: धाकटी भित्री, थोरला भूतवेडा. घरातच हॅलोवीन कसं करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नुकतीच तीनची झाली. गेल्या वर्षी ट्रिक ऑर ट्रीटला (सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायला) निघालो आणि चौथ्याच घरी दारातला सांगाडा हात हलवून खदाखदा हसला. (सेन्सरवाला. माझीही दातखीळ बसली.) लेकीने जे भोकाड पसरलं ते घरी येईपर्यंत. पुढे महिनाभर त्या रस्त्याने स्ट्रोलर न्यायची सोय उरली नाही. म्हणून यंदा ३१ ऑक्टोबरला घरातच काहीतरी करायचं ठरवलंय.

पण दादाला घाबरायचंच आहे! हसरे भोपळे म्हणजे त्याच्या मते 'बाळांचं हॅलोवीन'. धाकटीची एक गंमत लक्षात आली. तिच्यासमोर मुखवटा चढवला, काढला, पुन्हा चढवला की ती खिदळते, स्वतःही लावून बघते. तोच मुखवटा घालून मी दुसऱ्या खोलीतून आले की किंचाळते. म्हणजे भूत चालतं, फक्त आत कोण आहे ते आधी कळायला हवं.

त्यावरून सुचलं, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट करावी. लेक म्हातारी, दादा वाघ आणि कोल्हा दोन्ही. लाँड्री बास्केटला नारिंगी चादर गुंडाळली की झाला भोपळा. दिवे मालवायचे, टॉर्चने भिंतीवर वाघाची सावली पाडायची. त्याला हव्या तेवढ्या डरकाळ्या फोडू देत, हिला वाघ कोण ते ठाऊक असेलच. पण हे चालेल वीस मिनिटं. पाच ते आठ बाकी काय करू?

त्यात सासूबाई आल्यात. 'दिवाळीच्या तोंडावर घरात हाडकं कशाला?' त्यांचंही चूक नाही. २०२४ला तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी चेटकिणी. इथे पोर्चचा दिवा चालू म्हणजे 'या, खाऊ आहे'. आमचा आकाशकंदील पोरांना डेकोरेशनच वाटला, झुंडी आल्या, कँडी अर्ध्या तासात संपली. लाडू होते, पण घरचा सुटा खाऊ इथे कोण घेणार!

आणि हो, लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दारावर मुलं येतीलच, त्यांना काय द्यावं?

प्रतिसाद १
भोपळा कोरण्यातच तासभर जातो. सुरी तुमच्या हातात, दादाने मार्करने चेहरा काढायचा, धाकटीने चमच्याने गर उपसायचा. (अंगावर जुने कपडे. हात घालायला 'ईऽऽ' करेल, मग सोडणार नाही.) आत बॅटरीचा दिवा ठेवा, मेणबत्ती नको. फार आधी कोरू नका, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्याआधी खारी येतात. मूळ आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे म्हणे, आपली भोपळ्यावर सुटका झाली हे नशीब. बिया धुऊन, पुसून, तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा.

सासूबाईंना घारगे करायला सांगा. मात्र कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धाग्यांचा असतो. घारग्यांसाठी 'पाय पंपकिन' (गोड पाय करायचा छोटा भोपळा) किंवा बटरनट (लांबट भोपळा) आणा, किसून गुळात शिजवला की छान होतो.

प्रतिसाद २
दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवा. टील पंपकिन प्रोजेक्ट, २०१४ पासून अमेरिकाभर चालू आहे. अर्थ एवढाच की इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं: स्टिकर, बबल्स, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या. बांगड्या दादाच्या वयाच्या मुलांना कँडीपेक्षा आवडतात, स्वानुभव. दादाला शाळेत कँडी मिळाली तर प्रत्येक पुडीवरचं वाचा. मोठ्या बारमध्ये शेंगदाणे नसले तरी त्याच्या मिनीमध्ये असू शकतात, घटक वेगळे असतात. आणि तीन वर्षांच्या मुलीला कडक गोळ्या, पॉपकॉर्न अजून नकोच, घशात अडकतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार! टील रंग उद्याच आणते. घारग्यांचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, 'भोपळा वाया जाणार नसेल तर कापा.' हाडकांवरचा आक्षेप कायम आहे, तेव्हा सांगाडा फक्त दादाच्या खोलीत, दार बंद करून. आता एकच राहिलं: वाघाची शेपूट कशाची करू? जुन्या ओढणीवर पट्टे रंगवले तर धुतल्यावर जातील का?