सिंगापूरमध्ये एकच दिवस, सोबत आई-बाबा: कसा आखावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन मेलबर्नला ताईकडे चालले आहे. मुंबईहून निघालेलं विमान सकाळी साडेसातला सिंगापूरला पोचतं आणि पुढचं रात्री साडेअकराला आहे. तिकीट एकच असल्यामुळे मोठ्या बॅगा थेट पुढे जातील. मधला अख्खा दिवस विमानतळावर बसून काढायचा नाही, एवढं तिघांचंही ठरलंय.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजून तुरुतुरु चालतात. आईचे गुडघे मात्र दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालेल, मग तिला बसायला लागतं. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

दोघांची मागणी एकेकच आहे. आईला ऑर्किड बघायची आहेत. घरच्या बाल्कनीत तिने नारळाच्या सोडणांवर ती वाढवली आहेत, त्यामुळे हे तिच्या फार जिव्हाळ्याचं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा बघायची आहे. बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, म्हणाले.

यूट्यूबवर एका दिवसात दहा-बारा ठिकाणं करणारे कार्यक्रम बघितले. आईला तसं पळवायचं नाही. या दोन जागा निवांत होऊन वर काय जमेल? कुठली आधी घ्यावी? दुपारच्या उन्हात आईला कुठे बसवू? आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे, तरी सिंगापूरचा वेगळा काढावा लागेल का?

– प्राजक्ता_ठाणे

---

व्हिसाचं आधी सांगतो. भारतीय पासपोर्ट आणि ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असेल, पुढचं विमानाचं तिकीट हातात असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाता येतं. मात्र आत सोडायचं की नाही ते शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. म्हणून सिंगापूर इमिग्रेशनच्या स्थळावर सगळ्या अटी स्वतः वाचा. शिवाय तिघांचंही आगमन कार्ड ऑनलाइन भरा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते भरता येतं आणि फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी स्थळं दिसली तर तिकडे फिरकू नका.

बरोबरच्या पिशवीत खसखस ठेवू नका, तिथे तिला अमली पदार्थ विभागाची परवानगी लागते. चघळायची तंबाखू आणि च्युइंगगमही नको.

– पायवाट

---

प्राजक्ता, मी नोकरीनिमित्त सिंगापुरात राहते. तुझ्या आई-बाबांचा दिवस छान जुळतोय.

सकाळी बाग, संध्याकाळी स्मारक, हाच क्रम ठेव. इथे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. दहानंतर दमट उकाडा चढतो, म्हणून झाडं सकाळीच बघायची. बोटॅनिक गार्डन्स १८५९ची आहे आणि २०१५ साली जागतिक वारसा यादीत आली. बागेत प्रवेश फुकट. आतलं नॅशनल ऑर्किड गार्डन साडेआठला उघडतं, त्याला तिकीट आहे. मेट्रोने गेलात तर बोटॅनिक गार्डन्स स्टेशन बागेच्या एका टोकाला येतं आणि ऑर्किड मध्यावर. तेवढं चालण्यातच आईचा अर्धा दम जाईल. त्यापेक्षा विमानतळावरून टॅक्सी करून थेट नासिम गेटला उतरा. आईला सांग, व्हँडा मिस जोआकिम हे इथलं राष्ट्रीय फूल, ते आवर्जून शोध. आत दोन तास द्या. मधे बाकं आहेत, घाई करू नका.

मग लिटल इंडिया. सेरांगून रोडवर कोमल विलास हे शाकाहारी उपाहारगृह १९४७पासून आहे. डोसा, थाळी, फिल्टर कॉफी मिळते, आई-बाबांना बिचकायला नको. जवळच्या टेक्का सेंटर या बाजारातही खाता येईल, पण तिथे मांस-मासळी शेजारीच असते, आणि खाल्ल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवावा लागतो.

दुपारसाठी माझं ठाम मत: नॅशनल गॅलरी. थंडगार, बसायला जागा, वर जायला लिफ्ट. शिवाय बाबांसाठी तर ती मुद्दाम. या गॅलरीची एक इमारत म्हणजे जुना सिटी हॉल. समोर पाडांगचं मैदान. ५ जुलै १९४३ला नेताजींनी इथेच आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’चा नारा दिला. झाशीच्या राणीचं नाव दिलेली स्त्रियांची पलटणही त्याच वर्षी याच शहरात उभी राहिली. मैदान ओलांडलं की एस्प्लनेड पार्क, आणि तिथे स्मारकाची जागा.

मूळ स्मारक १९४५च्या जुलैत बांधलं होतं. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. आज दिसते ती १९९५मध्ये उभारलेली खूण, साधी, लहानशी. मोठ्या स्तंभाची कल्पना करून गेलं तर शोधत राहाल, म्हणून बाबांना आधीच सांगून ठेव. तिथे त्यांना वेळ दे.

– मोगरा_दूरदेशी

---

मोगराताई, किती नेमकं सांगितलंत! बाबांना वाचून दाखवलं. सिटी हॉलची इमारत अजून आहे आणि आत जाता येतं, हे ऐकून ते वही घेऊन बसले आहेत. आझाद हिंद सरकारची घोषणा झालेलं कॅथे थिएटर जवळच आहे का, असं विचारतायत. आणि गार्डन्स बाय द बे या बागेतला रात्रीचा दिव्यांचा खेळ बघून विमान गाठता येईल का?

– प्राजक्ता_ठाणे

---

कॅथेचा जुना दर्शनी भाग जपलेला आहे, धोबी घाट स्टेशनजवळ. २१ ऑक्टोबर १९४३ला आझाद हिंद सरकारची घोषणा तिथेच झाली. लिटल इंडियाहून गॅलरीकडे टॅक्सीने जाताना चालकाला तिथे पाच मिनिटं थांबवा. वेगळी फेरी नको.

दिव्यांचा खेळ पावणेआठला असतो, तो फुकट आहे. एस्प्लनेडहून सातला निघा, मेट्रोने, प्रोमेनाडला गाडी बदलून बेफ्रंट स्टेशन. साधारण पाव तासाचा खेळ. तो संपला की लगेच टॅक्सी, नऊपर्यंत विमानतळ. पावणेनऊच्या दुसऱ्या खेळासाठी थांबू नका. त्या बागेतल्या काचघरांची तिकिटंही काढू नका, सकाळच्या ऑर्किडनंतर आईचे पाय तेवढे उरणार नाहीत. मर्लायनचा (सिंहाचं डोकं, माशाचं धड) पुतळा एस्प्लनेड पार्कातून जुबिली पूल ओलांडून गाठता येतो, पण आई दमली असेल तर खुशाल सोडा.

आणि फेब्रुवारीची तारीख नक्की झाली की चिनी नववर्ष कधी आहे ते बघा. त्या दोन दिवशी सुट्टी असते. तारीख इथे टाकलीत तर त्यानुसार जेवणाचं आणि गॅलरीचं पुन्हा बघून सांगते.

– मोगरा_दूरदेशी