'हील'ची घाई नको, आधी लक्ष

तुमची कुत्री घरात 'बस', 'थांब' सुरेख करते, पण मैदानावर नावालाही ओ देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती हट्टी नाही हो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू करणं कुत्र्यांना आपसूक जमत नाही. तिच्या लेखी 'बस' म्हणजे हॉलमधल्या सतरंजीवर बसणं! नव्या जागी पहिल्या धड्यापासून सुरुवात करा, पटकन उमजेल तिला.

लगेच 'हील', म्हणजे आपल्या डाव्या पायाशी लागून चालणं, सुरू करा, हा इथे कुणी तुम्हाला दिलेला सल्ला मला पटला नाही. जी तुमच्याकडे बघतच नाही ती पायाशी चालणार कशी? ती आपणहून नजर देईल त्याच क्षणी क्लिकर (दाबलं की 'टिक' वाजणारी छोटी डबी) वाजवा, मग खाऊ. आणि खाऊ डाव्या हाताने, डाव्या मांडीच्या शिवणीपाशीच. मी कित्येक महिने उजव्या हाताने समोरून भरवत होतो. कुत्रा पुढे वळून तिरका चालायला लागला, बसायचाही वाकडा. ती खोड मोडायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

'थांब'मध्ये वेळ, अंतर आणि व्यत्यय यांतलं एका वेळी एकच वाढवा. १० पैकी ८ वेळा जमलं की पुढची पायरी. सुटकेचा शब्दही ठरवा, नाहीतर कधी उठायचं ते तीच ठरवते.

आज्ञापालनाच्या स्पर्धेत रिंगमध्ये, म्हणजे आखलेल्या मैदानात, खाऊ नेता येत नाही, म्हणून आत्तापासूनच डबा लांब खुर्चीवर ठेवा. दोन-तीन कृती झाल्या की दोघांनी तिकडे धावत सुटायचं.

एकदा स्वतःचा व्हिडिओ काढून बघा. 'बस' म्हणताना मान झुकत असेल, तर ती शब्द नाही, मान ऐकतेय.