मदत हवी आहे: हाराचं डिझाइन सुचत नाहीये

चांदीवेडी_फोंडा
तीन आठवडे झाले, वहीची वीस पानं खरडली. सगळीकडे मोर, कमळ, कोयरी. काल पाचव्यांदा कोयरी उमटली तेव्हा पेन्सिलच फेकून दिली. काहीतरी आपल्याकडचं, गोव्याचं हवंय. पिंटरेस्ट सांगू नका, तिथेच डोकं भंजाळलंय. चवथीला (गणेश चतुर्थीला) दहा दिवस उरलेत, त्याआधी डिझाइन कागदावर यायला हवं. लवकर सांगा प्लीज.

मांडवीकाठ
पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये शिरतानाच निळ्या फरशांची चित्रं आहेत, जॉर्ज कोलासोची, 1935 सालची. अर्धा तास उभी राहा. निळ्याच्या किती छटा आहेत ते बघ, हार आपोआप सुचेल.

खडूस_काका
त्या निळ्या फरशा आता फ्रिजच्या मॅग्नेटवरही आल्या. आणि निळा रंग आणणार कुठून? मीना (धातूवर भाजून भरायचा रंग) करता येतो का तुला? मुळात धातू कोणता, हार कोणासाठी, किती वजनाचा? काहीच सांगितलं नाहीस.

चांदीवेडी_फोंडा
चांदीच, नावातच आहे ना! नणंदेसाठी. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न आहे. मीना येत नाही.

गुंजभर
सोनं घेताना सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला ओळखक्रमांक, बघूनच घ्या. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

खडूस_काका
गुंजभर, ती सोनंही घेत नाहीये आणि विकतही घेत नाहीये.
मुली, कावी बघ, भिंतीवरची चित्रं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे. चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडतात, म्हणजे खालचा पांढरा चुना दिसतो. चांदीवर हेच जमतं. पत्रा काळा कर आणि सुईने रेघ ओढ, खालून पांढरी चांदी निघते. काळं करायला उकडलेलं अंडं कुस्करून चांदीसोबत घट्ट डब्यात ठेव. रंग आणायला दुसरं काही लागत नाही.

मांडवीकाठ
लग्नाच्या हाराला अंड्याचा वास? धन्य.

खडूस_काका
धुतलं की जातो वास. तुमच्या फरशांना निदान वास नाही, एवढं मान्य.

चांदीवेडी_फोंडा
पत्र्याचं नकोच हो, तारेचं करायचंय. पण तार तुटते, म्हणून मग पत्र्याचीच डिझाइनं सुचतात.

म्हालगडी
थांब थांब. तार तुटते हे आता सांगतेस? चांदी कुठली आहे?

चांदीवेडी_फोंडा
सासूबाईंच्या आईची पैंजणं. वितळवून कांडी केली. 42 ग्रॅम. त्याच चांदीचा हार करायचा असं घरात ठरलंय. जंत्रीत (तार ओढून बारीक करायच्या भोकांच्या पट्टीत) दुसऱ्या-तिसऱ्या भोकाला तुकडा पडतो.

म्हालगडी
मग तुझं अडलंय ते डिझाइनपाशी नाहीच. जुन्या पैंजणांत झाळ, म्हणजे सांधे जोडायचा धातू, भरपूर असते, शिवाय मुळातली चांदीही कमी कसाची. अशी तार ओढायला गेलं की चिरते. शुद्ध करून घे, मग त्यात तांबं घालून 925 कर, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. आणि दोन-तीन भोकांनंतर तार तावायला, म्हणजे तापवून मऊ करायला, विसरू नको.
आता सुचण्याचं. दागिने बघून दागिना काढू नकोस. म्हापशाच्या बाजारात माटोळीचं (चवथीला गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात त्याचं) सामान आलंय, जाऊन बघ: कवंडळं, घागऱ्यो (वाजणाऱ्या रानशेंगा), आंबाडे, सुपारीचे घोस. घरी आणून ती बांधून टांग. नारळ जड, खाली ओढतो. घागऱ्यो हलक्या, वाऱ्यावर वाजतात. कोण कुठे लोंबतं एवढंच बघायचं. फळाची नक्कल करायची नाही.

सुंगटां_खावपी
म्हापशात कवंडळं किती महागलीत! गेल्या वर्षी आमच्या मामाने रानातून आणली, फुकट.

मांडवीकाठ
माटोळी गळ्यात? नवरी आहे की मंडप?

चांदीवेडी_फोंडा
शुद्ध करून आणली, 34 ग्रॅम उरली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. पावणेतीन ग्रॅम तांबं घातलं. आता तार केसाएवढी बारीक होते, तुटत नाही. माटोळीचं सामान परवाच आणलं आणि पडवीत बांबूला बांधलं. माझ्या पुतण्याने मधली गाठ सोडली, तेव्हा सगळं एका अंगाला झुकलं. तेच छान दिसलं. डाव्या खांद्याजवळ एक जड घोस, उजवीकडे नुसती तार आणि शेवटी दोन घागऱ्यो. त्या पोकळ करून आत बारीक मणी घालते, नणंद चालली की वाजतील.

म्हालगडी
घागऱ्यो जोडायच्या आधी त्यांना भोक ठेव. बंद पोकळीत हवा तापून फुगते, मग झाळ लावताना फुटेल.

गुंजभर
मंगळसूत्रावरचा एचयूआयडी नीट दिसत नसेल तर सोनाराकडे भिंग मागा.