सातबारा कोरा दिसतो, पानठेल्यावर म्हणतात केस आहे. घरबसल्या कसं शोधावं?

धुरेकरी_वाशीम

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा.

आमच्या वावराला धुऱ्याला धुरा लागून एका काकांचं चार एकर आहे. नात्यातले नाहीत, पण लहानपणापासून काकाच म्हणतो. पोरीचं लग्न काढलंय म्हणून विकायचं आहे आणि पहिला मान शेजाऱ्याचा म्हणून माझ्याकडे आले. जमीन भारी, विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी. त्याहून मोठं कारण म्हणजे माझ्या वावरात जायची वाट त्यांच्या वावरातून आहे. उद्या तिऱ्हाइतानं घेतलं आणि वाट अडवली, तर पावसाळ्यात बंडी काय डोक्यावरून नेऊ? ५१ हजार इसार द्यायचं ठरलं, खरेदी दिवाळीच्या आधी.

भूलेखच्या साइटवर सातबारा फुकट पाहिला, मग १५ रुपये भरून डिजिटल सहीचाही काढला. क्षेत्र १.६२ हेक्टर, भोगवटादार वर्ग १, नाव एकट्या काकांचं. इतर हक्कात सोसायटीचा बोजा, तो त्यांनी आधीच सांगितला होता. प्रलंबित फेरफार (मालकी बदलाची अडकलेली नोंद) नाही असं लिहिलंय. मी खुश.

परवा पानठेल्यावर एक जण म्हणाला, "त्या वावरात हात घालू नको, कोर्टात आहे." कोणी केली केस, म्हणून विचारलं, तर गडी थुंकायला उठला तो परत आलाच नाही.

पटवाऱ्याला विचारलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. काकांच्या कानावर गेलं की त्यांना वाटेल, पोरानं आपल्यावर संशय घेतला. बायको म्हणते सरळ काकांनाच विचारा. ते माझ्यानं होत नाही. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या इकडचे लोक असतील इथं.

मोबाईलवर कुठं कुठं पाहता येतं? आणि केस असली तर सातबाऱ्यावर दिसायला नको का?

सेतूवाला

भाऊ, माझ्या सेंटरवर महिन्याला असे पाच-सहा येतात. सातबारा ही एक खिडकी झाली. अजून तीन आहेत: नोंदणी विभागाची ई-सर्च (खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, हक्कसोड यांची सूची २, म्हणजे दस्ताचा गोषवारा दिसतो), कोर्टाची ई-कोर्ट्स आणि आपली चावडी. चावडीवर नवीन फेरफाराच्या नोटिसा लागतात, हरकतीला १५ दिवस असतात.

ई-सर्चमध्ये एक-एक वर्ष टाकून पाहावं लागतं. कॅप्चा एकदा बरोबर टाकला तरी पुन्हा मागेल, गोंधळू नका. गट नंबर नुसता टाका, पोटहिस्सा लावला की माझ्याकडे तरी कित्येकदा काहीच निघत नाही. पहाटे बसा, लवकर उघडतं.

जुना पटवारी, अकोला

बापू, म्या बत्तीस वर्षं पटवारकी केली, म्हणून तुयं वाक्य मले टोचलं. पण खोटं नाई. पटवाऱ्याच्या खोलीतली गोष्ट चहा थंडा होयाच्या आत गावात जाते. आता तं नावही ग्राम महसूल अधिकारी झालं. लोक पटवारीच म्हणतात.

सातबारा कोरा दिसला म्हणून खुश होऊ नको. सातबारा आजचं सांगते, कालचं नाई. नावाजवळ आकडा असते पाह्य, तो फेरफाराचा नंबर. काका एकटे मालक कसे झाले, ते त्या आकड्यात हाये. त्याईच्या बापाले लेकरं किती होते? बहिणी होत्या का? होत्या तं त्याईचे नावं कुठी गेले?

आमच्या काळात हे लय चाले. बाप मेला का साऱ्या वारसाईचे नावं लागत. मंग बहीण राखीले येये, अन् "मले हिस्सा नको" म्हणून जबाब देये. जबाबावरून नाव कमी! नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नाई, काई नाई. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ पाह्यलं तं जमिनीतला हक्क सोडाले नोंदलेला कागद लागते. मी सोता असे फेरफार लिहिले हायेत, मंजूर झाले, कोणी बोललं नाई. आता त्या बहिणीचे पोरं शिकले.

फेरफार हातानं लिहिलेला असन तं "आपले अभिलेख"वर शोध, जुनं दप्तर स्कॅन करून टाकलं हाये. अकोला, अमरावती, वाशीम सुरुवातीच्याच जिल्ह्यांत होते. अन् ध्यानात ठेव, वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ले झाला. त्याच्या आधीच्या कागदावर जिल्हा अकोला लिहिलेलं दिसन, दुसऱ्याचा कागद समजून सोडून देशील. १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, म्हंजे जमिनीच्या हक्काची जुनी वही, भेटली तं आजोबाचं नावही भेटते.

काळाकोट_ताई

मी तालुका कोर्टात वकिली करते. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, दावा दाखल झाला म्हणून सातबाऱ्यावर आपोआप काही चढत नाही. महसूल, नोंदणी आणि दिवाणी कोर्ट ही तीन वेगळी बिऱ्हाडं आहेत. कोर्टाचा हुकूम कोणीतरी हातात घेऊन तलाठ्याकडे नेला, तरच इतर हक्कात नोंद होते, आणि बहुतेक पक्षकार नेत नाहीत.

ई-कोर्ट्सवर महाराष्ट्र, मग जिल्हा, मग तुमच्या तालुक्याचं न्यायालय संकुल निवडा. पक्षकाराच्या नावानं शोध. नोंदणीचं वर्ष द्यावंच लागतं, म्हणून २०१० पासून एकेक वर्ष पाहा. "प्रलंबित" एवढंच ठेवू नका, "दोन्ही" निवडा. निकाल लागलेल्या दाव्यावर अपील असू शकतं, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) असू शकते.

जुन्या पटवारी काकांनी बहिणींचं म्हटलं ते बरोबर आहे, एक भर घालते. लोकांना वाटतं, मुलींचा हक्क २००५ पासून आला. २००५ च्या दुरुस्तीनं त्यांना जन्मतः सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखी हिस्सेदार केलं, हे खरं. पण बाप १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेला असेल, तर त्याच्या हिश्शात मुलगी प्रथम वर्गाची वारस आधीपासूनच आहे.

आणि हे नीट वाचा. दावा चालू असताना तुम्ही खरेदी केली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या दाव्याचा निकाल तुम्हालाही बांधील. "मला माहीत नव्हतं" तिथं चालत नाही.

धुरेकरी_वाशीम

तीन रात्री बसलो. सोयाबीनवर फवारणी चालू आहे, म्हणून रात्रीच.

फेरफार मिळाला. १९९७ चा, मथळ्यावर जिल्हा अकोला. पटवारी काकांनी इथं सांगितलं नसतं तर मी खरंच सोडून दिला असता. शाईचं अक्षर, अर्धं पान पुसट. काकांचे वडील मयत, वारस म्हणून आजी, काका आणि दोन बहिणी. त्याच्याच खालच्या नोंदीत दोन्ही बहिणींची नावं "जबाबावरून कमी". एका जबाबाखाली सही, दुसरीखाली अंगठा. ती अंगठेवाली आत्या मला आठवते. राखीला आली की आम्हा पोरांना मुरमुऱ्याचे लाडू द्यायची. अंगठा कशाला? ती सातवी शिकलेली होती, आमच्या बहिणीला पाढे तिनंच शिकवले.

ई-सर्चमध्ये २००२ पासून सगळी वर्षं पाहिली. हक्कसोड नाही, विक्री नाही, एक गहाणखत तेवढं दिसलं.

ई-कोर्ट्सवर काकांच्या नावानं काहीच नाही. म्हणजे पानठेल्यावरचा गडी उगाच बोलला का?

काळाकोट_ताई

नाव इंग्रजीत कसं टाकलं? आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव आधारवर एक, दाव्यात दुसरं असतं. वानखडे की वानखेडे, सुरुवातीला व्ही की डब्ल्यू, शेवटी ई एक की दोन, सगळं करून पाहा. निदान तीन अक्षरं लागतात, पूर्ण नाव टाकायची गरज नाही. आणि बहीण वादी असेल तर ती सासरच्या आडनावानं असेल, हे विसरू नका.

जुना पटवारी, अकोला

सासरचं गाव माहीत असन तं तेच नाव टाक. अन् त्या अंगठ्यावरून कोर्टात लय भांडण होईन, पाहजो. सही येणाऱ्या बाईचा अंगठा काहून घेतला, हे कोणी ना कोणी विचारनच.

धुरेकरी_वाशीम

सापडलं.

आत्याच्या सासरचं आडनाव टाकलं आणि २०२१ ला लागलं. नियमित दिवाणी दावा, वाटणी आणि ताबा. काकांचं आडनाव व्हीनं लिहिलंय, मी सगळीकडे डब्ल्यूनं शोधत होतो. सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवला. आता तो टाकला की थेट केस उघडते, नावाची भानगड नाही. कोर्टाच्या यादीत गट नंबर कुठंच नव्हता, म्हणून आधी वाटलं दुसऱ्या वावराची असेल. मग आदेशाचा पीडीएफ उघडला. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज मंजूर. त्यात गट नंबर लिहिलेला आहे, तोच. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीनं जमीन विकू नये.

म्हणजे काकांना माहीत होतं. कोर्टात त्यांचे वकील हजर आहेत, तारखा पडताहेत, आणि हे माझ्याकडून ५१ हजार घेणार होते.

काल संध्याकाळी गेलो. मोबाईल काढला नाही. नुसतं म्हणालो, "काका, आत्याचं काय चाललंय कोर्टात?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिनं राखीले म्हटलं होतं केस मागं घेतो म्हणून." कोणत्या राखीला, ते मी विचारलं नाही. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

इसार दिला नाही. आता पुढं काय करू? वाट तर मला हवीच आहे.

काळाकोट_ताई

इसार वाचला, बरं झालं. मनाई हुकूम असताना खरेदी लावलीत तर काका हुकूम मोडतात आणि तुम्ही पैसे देऊन भांडण विकत घेता.

दोन्ही बहिणी आणि काका कोर्टात तडजोड करत असतील, तर तशी पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल होऊ द्या, हुकूमनामा होऊ द्या, त्याप्रमाणे फेरफार होऊ द्या. मग ज्याच्या वाट्याला ते चार एकर येईल, त्याच्याकडून घ्या. कदाचित आत्याकडून घ्यावं लागेल. दाव्याच्या नकला काढायला वकील लावा. वाटेचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. कोणी अडवायची वाट पाहू नका, दोन्ही बाजूंशी संबंध गोड आहेत तोवरच करा.

सेतूवाला

आणि एक बारीक गोष्ट. तो १५ रुपयांचा सातबारा खरेदीच्या दिवशी पुन्हा काढा, आज काढलेला दिवाळीला जुना झालेला असतो.

धुरेकरी_वाशीम

पुढची तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाखवते. मी तिथं जाऊन नुसता बसू शकतो का? मी ना वादी ना प्रतिवादी.

जुना पटवारी, अकोला

खुलं कोर्ट असते बापू, मागच्या बाकावर बस. तुयं सोयाबीन त्याच आठवड्यात सोंगाले येईन, मजूर आधीच सांगून ठेव. अन् आत्या भेटली तं आधी लाडवाचं बोलजो, वावराचं मंग.