मदत हवी आहे: जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मनालीला बर्फ पडेल का?

सह्यकड्याचा_शेजारी (धागाकर्ता), 26 डिसेंबर, सकाळी 9.12

आम्ही जानेवारीत मनाली आणि अमृतसर असा प्रवास करणार आहोत. हवामान विभागाचा हिवाळी हंगामाचा अंदाज वाचला, परंतु त्यात मनालीचे नावही नाही. बर्फ पडेल की नाही, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. हॉटेलचे आरक्षण विनाशुल्क रद्द करण्याची मुदत आज रात्री बारापर्यंत आहे, त्यामुळे कृपया त्वरित आणि नेमके उत्तर द्यावे.

पानगळ, 9.40

तारखा? किती जण? रेल्वेने, विमानाने की स्वतःच्या गाडीने? मनाली गावातला बर्फ हवा आहे की त्याच्या वरच्या सोलंग खोऱ्याचा किंवा सिस्सूचा? मनाली साधारण 2000 मीटरवर आहे आणि अटल बोगद्यापलीकडचे सिस्सू 3000 मीटरच्या वर, त्यामुळे एकाच ढगातून खाली पाऊस आणि वर बर्फ पडणे तिथे नित्याचे आहे.

हिमशिखरप्रेमी, 9.58

निश्चिंतपणे जावे. आम्ही तीन वर्षांपूर्वी जानेवारीतच गेलो होतो आणि हॉटेलच्या खिडकीतून हात बाहेर काढला तरी बर्फ लागत होता. मुलांसाठी गमबूट आणि अंगभर घालायचे बर्फाचे कपडे वाटेत भाड्याने मिळतात, परंतु घासाघीस केल्याशिवाय घेऊ नयेत. पहिला भाव निम्म्यावर येतो.

नकाशावाचक, 10.25

तुमच्या एका सहलीवरून हंगाम ठरत नाही. 2024 च्या जानेवारीचा बराचसा काळ गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होते, हे अनेकांना आठवत असेल.

धागाकर्त्यांना सांगायचे ते असे की, तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे त्या संपूर्ण काळातील सरासरी तापमान नेहमीपेक्षा अधिक राहील की कमी, याची टक्क्यांत मांडलेली शक्यता असते, आणि त्यातून अमुक दिवशी अमुक गावी काय होईल हे काढू पाहणे म्हणजे वार्षिक राशिभविष्यातून लोकलची वेळ शोधण्यासारखे आहे. हिमाचलात हिवाळ्यातला बर्फ मुख्यत्वे पश्चिमी चक्रावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून निघालेल्या या प्रणाली वरच्या हवेतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. त्यातील कोणती किती जोरदार असेल हे साधारण पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी कळते. तोवर थांबावे.

धागाकर्ता, 10.41

थांबता येत नाही, आज रात्री बाराची मुदत आहे असे वर लिहिले आहेच. आम्ही चौघे आहोत. 5 ते 7 जानेवारी मनाली, 8 रोजी दिवसभर गाडीने अमृतसर, 9 रोजी सकाळी परतीचे विमान.

ला_निना_अभ्यासक, 11.05

कोणीही प्रशांत महासागराचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटते. ला निना असते, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा गार होते, तेव्हा उत्तर भारतात थंडी अधिक कडक पडण्याकडे कल असतो, हे सर्वांना ठाऊक असावे.

नकाशावाचक, 11.20

कल थंडीचा आहे, बर्फाचा नव्हे. आकाश आठवडाभर निरभ्र राहिले तर रात्रीचा पारा शून्याखाली जाईल आणि बर्फाचा कणही पडणार नाही. धागाकर्त्यांना थंडी नको आहे, बर्फ हवा आहे.

चंदीगडवासी_मावशी, 11.52

मी वीस वर्षे या भागात राहते, म्हणून सांगते की तुम्ही चुकीच्या गोष्टीची काळजी करत आहात. चक्रावात आला की डोंगरात बर्फ आणि खाली पंजाबात पाऊस पडतो. तो पुढे सरकला की आकाश स्वच्छ होते, वारा पडतो, गव्हाची शेते ओलीच असतात आणि रात्री जमीन झपाट्याने गार झाल्यामुळे जमिनीलगत दाट धुके धरते. म्हणजे तुम्हाला 6-7 तारखेला मनासारखा बर्फ मिळाला, तर 9 च्या पहाटे अमृतसरला धुके मिळण्याची शक्यता त्यामुळेच वाढते. दृश्यमानता 200 मीटरच्या खाली गेली की दाट आणि 50 च्या खाली गेली की अतिदाट धुके म्हणतात; अतिदाट असले की गाडीच्या बॉनेटपुढचे काही दिसत नाही. विमान सकाळी किती वाजता आहे?

धागाकर्ता, 12.03

6.50 वाजता. दिल्लीला विमान बदलून पुणे.

चंदीगडवासी_मावशी, 12.06

अरे देवा. धुक्याची दोन्ही ठिकाणे, तीही पहाटे.

पानगळ, 12.30

दोन्हीकडे धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे ना?

नकाशावाचक, 12.48

धावपट्टीवर यंत्रणा असून भागत नाही. विमान सुसज्ज लागते, वैमानिक प्रशिक्षित लागतो, आणि उड्डाणालाही किमान दृश्यमानता लागतेच. जानेवारीत दुपारचे विमान घ्यावे, तोवर ऊन बहुधा धुके उचलते.

शिवाजीनगरकर, 13.15

थोडे अवांतर लिहितो. हवामान विभागाचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हंगामी अंदाजांचे काम पुण्यातच चालते. पुणेकरांनी हिमाचलच्या बर्फासाठी इतके हवालदिल व्हावे, हा योग मला गमतीचा वाटतो.

निफाडचा_बागाईतदार, 13.44

आम्हाला बर्फाचे काही कळत नाही, परंतु उत्तरेत ती प्रणाली येऊन गेली की पाठोपाठ गार वारे खाली उतरतात आणि आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबक सुरू करतो. तुम्ही बर्फाचे फोटो टाकाल तेव्हा आम्ही धुरात डोळे चोळत असू.

हिमशिखरप्रेमी, 14.10

विषय भरकटला. क्रम उलटा करावा: आधी अमृतसर, नंतर मनाली.

चंदीगडवासी_मावशी, 14.22

उलट्या क्रमात शेवटच्या दिवशी जोरदार हिमवृष्टी झाली तर रस्ताच बंद होईल. डिसेंबर 2024 च्या अखेरीस सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. बर्फ पडू लागला की पोलीस फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) आणि चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. आधी डोंगर हाच क्रम योग्य आहे, परंतु मध्ये एक दिवस मोकळा हवा. 9 लाच परतणे इतके आवश्यक का आहे?

धागाकर्ता, 14.35

त्याचा हवामानाशी संबंध नाही म्हणून लिहिले नव्हते. 9 रोजी दुपारी तीन वाजता पुण्यात घराचे खरेदीखत नोंदवायचे आहे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेतली आहे.

नकाशावाचक, 14.41

पहाटे दोन विमानतळांवर धुके, त्याच दुपारी खरेदीखत, आणि आपण सकाळपासून बर्फाची चर्चा करत आहोत.

धागाकर्ता, 15.02

आई सत्तरीच्या आहेत आणि त्यांना दमा आहे, हेही सांगून ठेवतो. सिस्सूला नेले तर चालेल ना?

पानगळ, 15.10

हे पहिल्या ओळीत हवे होते! उंचीपेक्षा मला पंजाबातल्या पहाटेची भीती अधिक वाटते. धुक्याच्या दिवसांत खालची गार हवा हलत नाही आणि सगळा धूर तिच्यात कोंडून राहतो. दम्याच्या रुग्णांना तो फार बाधतो. त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारावे, आम्हाला नव्हे.

चंदीगडवासी_मावशी, 15.26

अमृतसर या वेळी सोडावे. 8 ला मनालीहून चंदीगडला उतरावे, 9 मोकळा ठेवावा आणि 10 ला दुपारच्या विमानाने निघावे. हिमाचलासाठी शिमल्याच्या आणि पंजाबसाठी चंदीगडच्या हवामान केंद्राचे रोजचे पत्रक 31 तारखेपासून पाहत जावे. नारिंगी इशारा दिसला तर वर जाऊ नये, मनालीतच थांबावे.

धागाकर्ता, 20.47

डॉक्टरांनी आईंना मनालीपर्यंत परवानगी दिली, बोगद्यापलीकडे नाही. अमृतसर रद्द केले. विमान बदलायला भुर्दंड पडला. खरेदीखताची वेळ 13 तारखेची मिळाली, आणि सर्वांत सोपे तेच निघाले. विक्रेत्यांनी एका फोनवर होकार दिला. मनालीचे हॉटेल कायम ठेवले आहे. आता बर्फ पडेल का, एवढे कोणी सांगेल का?

निफाडचा_बागाईतदार, 21.15

6 तारखेच्या सुमारास आम्हाला विचारा. तसेच, 13 ला भोगी आहे, बाजरीची भाकरी खाऊनच कार्यालयात जा.