४ दिवसांची सी-कयाकिंग ट्रिप: गाईड बरा आहे की नाही हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं?

सुरसागरकर (वडोदरा)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी सिंधुदुर्गात ४ दिवसांची सी-कयाकिंग ट्रिप करायचा विचार आहे. रिसॉर्टसमोर अर्धा तास वल्ही मारून फोटो काढायचे तसली नाही, तंबू, भांडी, पाणी सगळं कयाकमध्येच भरायचं आणि रोज रात्री वेगळ्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा, अशी. आम्ही चौघं, मी, बायको, मेहुणा आणि १७ वर्षांची भाची. मी आणि भाची लालबागच्या स्विमिंग पुलात नेहमी पोहतो, मेहुण्याचं ठीक आहे, बायकोला जेमतेम येतं.

दोन जणांशी बोलणं झालंय. पहिल्याने दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं, "सर एकदम सेफ, स्विमिंगची गरज नाही, फक्त कपडे घेऊन या", वर आजच बुक केलं तर डिस्काउंट. दुसऱ्याने दोन पानी फॉर्म पाठवला, त्यात खांदा कधी निखळलाय का, चष्म्याचा नंबर काय, कुठली औषधं चालू आहेत, पाण्याची भीती वाटते का, असं काय काय विचारलंय, आणि वर म्हणतो की आधी एक दिवस पुलात सेशन केल्याशिवाय समुद्रात नेणार नाही, आणि वारा असेल तर ठरलेला रूट बदलेल, त्यावर वाद घालायचा नाही. पैसेही जास्त. बायकोचं म्हणणं दुसरा फार नखरे करतोय.

घरी आईचा वेगळाच ताप. इथल्या हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटल्यापासून तिच्यासमोर होडी हा शब्द पण काढायची सोय नाही, आणि तिचं चुकतंय असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू.

दुसरं म्हणजे, एवढं लांब मालवणला जायचं कशाला, कावी-कंबोईचा समुद्र आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे, तिथेच एखादी बारकी ट्रिप नाही का करता येणार? कुणी केली असेल तर सांगा. गावातल्या विश्वामित्री नदीत करा असले जोक नकोत, मगरी आम्हाला माहिती आहेत 😄

देवबागचा_भाचा

नखरेवालाच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाहीये.

आता का ते सांगतो. आपल्याकडे बीचवर जास्त करून सिट-ऑन-टॉप कयाक असतात, उलटली तर माणूस बाजूला पडतो आणि परत चढतो, विषय संपला. सामान भरून न्यायची सी-कयाक साधारण ५ मीटर लांब, अरुंद, वरून बंद. तुम्ही भोकात बसता आणि कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचा घागरा कयाकच्या कडेला ताणून बसवता म्हणजे लाट आत येत नाही. ती उलटली की तुम्ही पाण्याखाली डोकं खाली पाय वर असे लटकता, आणि तेव्हा न घाबरता स्कर्टचा पुढचा पट्टा ओढून बाहेर यावं लागतं. त्याला वेट एक्झिट म्हणतात. सोपं आहे, दोन-तीन सेकंदांचं काम, पण पहिल्यांदा करताना हात पट्टा सोडून भलतीकडेच जातो आणि ही पहिली वेळ समुद्रात यायला नको म्हणून तो पूल मागतोय. बाहेर आल्यावर दुसरी कयाक आडवी लावून तुमची तिच्यावर ओढतात, पाणी सांडतात, सरळ करतात आणि तुम्हाला परत बसवतात (टी-रेस्क्यू). चांगला गाईड हे सगळं तुमच्याकडून करून घेतो, नुसतं सांगत नाही.

पट्ट्याची गंमत म्हणजे काही नवखे स्कर्ट लावताना तो आत दुमडून टाकतात आणि मग ओढायला बाहेर काही उरतच नाही. पाण्यात जायच्या आधी गाईड प्रत्येकाच्या स्कर्टचा पट्टा स्वतः हात लावून बघतो का, लाईफ जॅकेटचे खांदे धरून वर ओढतो का (ओढलं आणि जॅकेट कानापर्यंत आलं म्हणजे ढिलं आहे), एवढं बघितलं तरी माणूस कळतो.

दुसरं वारा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, जानेवारीत कोकण किनाऱ्यावर ते रोज भेटतात. पहाटे जमिनीकडून हलका मतलई, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट, आणि अकरा-बारानंतर वायव्येकडून वारा चढतो तो संध्याकाळपर्यंत. म्हणून उजाडताच पाण्यात आणि जेवायच्या आत किनाऱ्यावर. जो गाईड सांगेल की नाश्ता करून दहाला निघू त्याला तिथूनच नमस्कार करा. मतलईचा पण एक त्रास आहे, तो तुम्हाला बाहेर ढकलतो, आणि किनाऱ्याजवळ त्याचा जोर कळतच नाही, थोडं बाहेर गेलं की कळतो.

तिसरं, त्याला हे विचारा की खाडीचं तोंड कधी ओलांडणार. आमच्या देवबागला कर्लीचा संगम आहे, ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असतं आणि समोरून लाट आली की तिथे पाणी उभं राहतं. भरतीच्या शेवटी गेलात तर लहान पोर पण जाईल. जबाबात भरती-ओहोटीचं नाव आलं नाही तर दुसरा गाईड शोधा.

महीकाठ

कावी-कंबोईचं उत्तर मी देतो कारण हे खूळ आमच्या ग्रुपमध्ये पण एकदा निघालं होतं.

नको. खंभातचं आखात नकाशावर शांत दिसतं पण देशातली सगळ्यात मोठी भरती तिथेच, भावनगरच्या बाजूला उधाणाला पाणी १० मीटरच्या वर चढतं-उतरतं. म्हणजे तीन मजली घर सहा तासांत बुडतं आणि पुढच्या सहा तासांत परत उघडं पडतं. कंबोईच्या स्तंभेश्वरला दर्शनाला गेलाच असाल, देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं ते काही चमत्कार म्हणून नाही. एवढं पाणी आत-बाहेर करायचं म्हणजे त्याला ओढ पण तशीच असणार, काही ठिकाणी ५-६ नॉट (ताशी साधारण १० किलोमीटर). सामान भरलेली कयाक नवख्या ग्रुपला ३ नॉटनेच जाते. तोंड भावनगरकडे करून वल्ही मारत बसाल आणि प्रत्यक्षात मागे मागे जाल.

आणि ओहोटीला नुसता चिखल. उतरलं की मांडीपर्यंत. १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींनी मही ओलांडली ती सुद्धा रात्री, भरती साधून, आणि तरी पलीकडे चिखल तुडवावाच लागला. मुक्कामाला कोरडा किनारा शोधायचा कुठे?

एक हिशोब मात्र लक्षात ठेवा, आजोबा सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. हे मुंबईच्या आसपासचं, मालवणला थोडी आधी येते आणि आमच्या आखातात आत पोचायला कित्येक तास उशीर होतो, त्यामुळे टाईड टेबलला (भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकाला) पर्याय नाही, पण गाईडची परीक्षा घ्यायला बरं. अमावस्या-पौर्णिमेजवळ तारीख आली तर उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी हलतं. नवख्यांनी भांगाचे दिवस बघून जावं.

जयविलास (ग्वाल्हेर)

सर्टिफिकेटचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, ती आमच्या ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या पर्यटन शिक्षणसंस्थेच्याच अखत्यारीत येते, तिथे लाईफसेव्हिंग, बोट चालवणं वगैरेचे कोर्स होतात. तो कागद असेल तर चांगलंच. पण जीवरक्षक असणं वेगळं आणि चार दिवस लोकांना घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने जाणं वेगळं, म्हणून कागद बघून झाला की हाच पट्टा या महिन्यात किती वेळा केलाय तेही विचारा. परदेशी कयाकिंगचे कागद (ब्रिटिश किंवा अमेरिकन) असतील तर लेव्हल कुठली ते विचारा, कारण तलावातला आणि समुद्रातला कागद वेगवेगळा असतो. फर्स्ट एडची तारीख पण बघून घ्या.

रावपुरा_टू_व्हँकुव्हर

मी मूळचा वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातला, सध्या कॅनडात, त्यामुळे तिकडचं सांगतो. इथे व्हँकुव्हर आयलंडच्या वरच्या अंगाला जॉनस्टन स्ट्रेट आहे, ऑर्का (काळे-पांढरे किलर व्हेल) बघायला लोक येतात, आठवडाभर रस्ता नाही, दुकान नाही. गाईड लोकांची सी कयाक गाईड्स अलायन्स ऑफ बी.सी. म्हणून संघटना आहे, ती परीक्षा घेऊन लेव्हल देते, दिवसाच्या ट्रिपची वेगळी आणि मुक्कामाची वेगळी.

आमच्याबरोबर एक बाई गाईड होती, वय पन्नाशीच्या पुढे, आवाज एकदम हळू. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या आम्ही सगळे छान सपाट वाळू बघून तंबू टाकायला धावलो, ती काही बोलली नाही, एक काटकी घेतली आणि पाण्याच्या कडेला रोवली. मग चालत वर गेली आणि वाळलेल्या शेवाळाची ओळ दाखवली, रात्रीची भरती याच्यापेक्षा वीतभर वर येणार आहे. आमचे तंबू त्या ओळीच्या चांगले खाली होते. चहा होईपर्यंत काटकी दिसेनाशी झाली होती. तिकडे पाणी ४-५ मीटर चढतं. कयाक पण रोज रात्री झाडाला बांधायची, कितीही वर ओढलेली असली तरी.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून रेडिओवर हवामान ऐकायची आणि वहीत लिहायची. एक पूर्ण दिवस आम्हाला किनाऱ्यावरच बसवून ठेवलं, आकाश निळं होतं, आमच्यातला एक जण तर चिडला होता. तिने फक्त लांब पाण्यावरची पांढरी टोकं दाखवली आणि पत्ते काढले. पाण्यात असताना ती नेहमी सगळ्यात हळू माणसाच्या बाजूला, पुढे कधीच पळायची नाही, आणि ग्रुप आवाजाच्या टप्प्याबाहेर जाऊ द्यायची नाही.

तुम्ही चौघं आहात तर एक गाईड चालेल, पण पार्टीत अजून लोक असतील आणि सात-आठ झाले तर दुसरा हवाच, कारण एक जण उलटला की गाईड तिकडे अडकतो. मी येताना माझा सॅटेलाईट मेसेंजर घेऊन येऊ शकतो, फेब्रुवारीत येतोच आहे.

देवबागचा_भाचा

@रावपुरा_टू_व्हँकुव्हर ते यंत्र चुकून पण आणू नका! भारतात सॅटेलाईट फोन आणि मेसेंजर परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, एअरपोर्टवर लोकांना अडवलेलं आहे. आपल्याकडे व्हीएचएफ रेडिओ (चॅनल १६) आणि वॉटरप्रूफ पाऊचमध्ये मोबाईल, आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज येते. कोस्ट गार्डचा नंबर १५५४. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राच्या साईटवर फुकट बघायला मिळतो, गाईडला विचारा बघतो का.

खारेपाटण_एक्सप्रेस

अरे काय चाललंय हे. आमचे कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या समुद्रात जातायत, कुणाकडे फॉर्म नाही, पूल सेशन नाही. एखादा गाबीत (तिथल्या मच्छीमारांतला) पोरगा घ्या बरोबर, जेवण पण मस्त करेल, निम्म्या पैशात काम. हे सगळं शहरी लोकांना घाबरवून पैसे उकळायचे धंदे आहेत.

महीकाठ

@खारेपाटण_एक्सप्रेस कोळ्याला समुद्र कळतो यात वादच नाही, आणि चांगला गाईड रोज सकाळी कोळ्यांना विचारूनच निघतो. पण त्याच्या होडीत त्याचे भाऊबंद असतात, पहिल्यांदा वल्हं धरलेली चार माणसं नसतात. गाईडचं काम समुद्रापेक्षा ह्या चार माणसांचं जास्त.

इंग्लंडमधली लाईम बेची घटना वाचा. २२ मार्च १९९३, शाळेची ८ मुलं, एक शिक्षक, २ इन्स्ट्रक्टर, जेमतेम ३ किलोमीटर किनाऱ्याने जायचं होतं. शिक्षकाची कयाक परत परत उलटायला लागली, एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी अडकला, दुसरा मुलांना एकत्र धरून बसला, आणि जमिनीकडच्या वाऱ्याने मुलं बाहेर गेली. कयाकना स्प्रे स्कर्ट नव्हते त्यामुळे लाटांनी भरल्या. बरोबर फ्लेअर (मदतीच्या खुणेची पेटती नळी) नव्हते, खबर जायला कित्येक तास लागले. ४ मुलं गेली. त्यानंतर १९९५ मध्ये तिकडे अशा सेंटरना लायसन्स लागेल असा कायदाच केला. यात वादळ वगैरे काही नव्हतं, नेहमीचा वारा होता.

आणि लांब कशाला जायचं, १८ जानेवारी २०२४, हरणी. बंदिस्त तलाव होता तो, समुद्र नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं आणि बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेट नाही. वडोदऱ्याच्या माणसाला फॉर्म भरायचा कंटाळा यावा हे मला तरी पटत नाही.

खारेपाटण_एक्सप्रेस

हरणीचं मान्य. जॅकेटला मी कुठे नाही म्हणतोय. पण स्थानिक माणूस बरोबर असावा एवढंच.

सुरसागरकर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल दुसऱ्याला फोन केला आणि तुमचे प्रश्न एकेक करून विचारले. खाडीचं तोंड कधी ओलांडणार म्हटल्यावर हसला आणि म्हणाला तुम्ही वडोदऱ्याचे ना, हे कुणी शिकवलं. मग व्यवस्थित सांगितलं, तिसऱ्या दिवशी सकाळी भरती भरत आली की, आणि तोपर्यंत पाणी आलं नाही तर अलीकडेच थांबू, तिथे ओळखीचं घर आहे. गावातला एक मच्छीमार स्वतःची छोटी बोट घेऊन जवळपास असणार आहे, तेव्हा खारेपाटणवाले पण खूश व्हा. पहिल्याला पण तेच विचारलं, तो म्हणाला "सर ते आमचे बॉईज बघून घेतील".

बायकोला उलटायचं ऐकून जरा धडकी भरली आहे. तिला डबल कयाकमध्ये गाईडबरोबर बसवणार म्हणाला. चालेल ना? आणि जॅकेट, तो ५० न्यूटनचं म्हणत होता, हे काय असतं?

देवबागचा_भाचा

डबल चालेल, ती रुंद असते, उलटायची शक्यता कमी. वेट एक्झिट मात्र वहिनींनी पण करायचा, त्यात सूट नाही.

५० न्यूटन म्हणजे तरंगायला मदत करणारं, वल्ही मारताना हात मोकळे राहतात, कयाकवाले तेच घालतात. पण ते पोहता येणाऱ्यासाठी असतं, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवून ठेवेलच असं नाही, त्याला १०० किंवा १५० वालं लागतं. वहिनींना पोहायला जेमतेम येतं हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, 'थोडंफार येतं' असं नको. डिसेंबरभर लालबागला घेऊन जा.

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा. आणि सामान एका मोठ्या बॅगेत नको, लहान लहान ड्रायबॅग घ्या, मोठी हॅचमधून (कयाकच्या सामानाच्या झाकणातून) आत जातच नाही.

रावपुरा_टू_व्हँकुव्हर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ढकलता येईल का ट्रिप? एक सीट धरा. यंत्र आणत नाही.